आजी आणि लक्ष्मीबाई

माझी आजी शेतकरीण होती. तिला वाचता येत नव्हते, पण रेव्हरंड टिळकांची भजने तिला तोंडपाठ. निंदणीला वाकली की एकेक भजन सुरू व्हायचे. संध्याकाळी दिवा लागला की डोक्यावर पदर घेऊन ती आम्हा नातवंडांना प्रार्थनेला बसवी. ही भजने लिहिणाऱ्या माणसाला एक बायको होती आणि तिने एक मोठे पुस्तक लिहिले, हे आजीला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. औरंगपुऱ्यात कॉलेजला आलो आणि ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ हाती लागले, तेव्हा कळले.

पहिल्या वर्षी एका मित्राने सहज बोलता बोलता विचारले होते, की तुमचे लोक दुष्काळात धान्यासाठीच बाटले ना? त्याच्या मनात वाईट नव्हते. मला मात्र उत्तर सुचले नाही. लक्ष्मीबाईंचे चरित्र मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधत वाचले, हे आधीच सांगून टाकतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. नवरा कवी, विद्वान, प्रेमळ; पण लहरी. न सांगता घरातून निघून जाणारा. संसार आज या गावी, तर उद्या त्या गावी. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिली नव्हती. लिहिणे-वाचणे त्या शिकल्या ते लग्नानंतर, टिळकांच्या हाताखाली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातल्या बाईवर केवढे आभाळ कोसळले असेल, याची कल्पना करा! पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्याबरोबर एका पंक्तीला बसायची सोय नाही. पंढरपूरला बहिणीकडे, नाशिकला, जलालपूरला, असे नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या, तरी धर्म बदलला नाही. आपले पाणी वेगळे, आपली चूल वेगळी, असेच राहिल्या. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. ही गोष्ट मला टिळकांच्या कवितेइतकीच मोठी वाटते.

मग एके दिवशी त्यांच्या मनाने प्रश्न धरला : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत वेगवेगळ्या जाती ओळखू येतात तशा त्या माणसांतही दिसायला हव्या होत्या. तशा त्या कुठे दिसतात? कोणी प्रवचन दिले नव्हते, कोणी आमिष दाखवले नव्हते. बाईने आपल्याच डोक्याने हिशेब मांडला आणि त्याच वेळी सोवळे सोडले. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.

इथे मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. कारण आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. त्यांच्यापाशी सोडण्यासारखे सोवळे नव्हतेच! लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले ते आमच्यासारख्यांच्या हातचे. त्या उंबरठ्याच्या आतून बाहेर आल्या, आमची माणसे बाहेरच उभी होती. दोन्ही वाटा सारख्या आहेत, असे मी म्हणणार नाही.

पण पुढचे आयुष्य पाहावे. नगरला प्लेग आला, तेव्हा माणसे आपल्या माणसाला टाकून पळत होती. लक्ष्मीबाई छावणीत राहून रोग्यांची सेवा करीत होत्या. अनाथ मुले त्यांनी घरात घेतली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली बालकवी गेले आणि ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय शाळा न पाहिलेल्या या बाईने रचले! मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार, म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. नातू अशोक टिळक यांनी पुढे आजीचे हे पुस्तक नीट संपादून वाचकांच्या हाती दिले.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला अर्धे मिळाले. लक्ष्मीबाई धान्यासाठी गेल्या नाहीत, हे त्यांच्या पुस्तकात लिहिलेले आहे. माझी आजी कशासाठी त्या प्रभूला धरून राहिली, हे कुठेच लिहिलेले नाही. ज्या वर्षी पीक बुडाले, त्या वर्षीही तिने कापणीच्या सणाला देवाच्या नावाची पायली बाजूला काढलीच होती. धान्यासाठी आलेली बाई धान्य देईल का?

हे मी तिला विचारायला हवे होते. लिहिता येणारा घरात मी पहिलाच, आणि ती असताना मी तिचे एक वाक्यही उतरवून घेतले नाही. मागच्या नाताळाआधी ती गेली. अशोक टिळकांना आजीचे पुस्तक संपादता आले. मला ते आधी लिहावे लागणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला