संत थॉमस मोर

२२ जूनला आपण संत थॉमस मोर ह्यांचा सण साजरा करतो. १५२३ साली इंग्लंडच्या संसदेचे सभापती असताना त्यांनी राजा आठवा हेन्री ह्याच्याकडे सभासदांसाठी निर्भयपणे बोलण्याची मुभा मागितली. पुढे ते चॅन्सेलर झाले. राजाच ख्रिस्तसभेचा प्रमुख, हे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेना. त्यांनी मौन पाळले, पण शपथ घेतली नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्याच कारकिर्दीत पाखंडी ठरवलेल्यांना जाळण्यात आले, हेही आपण लपवू नये. धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. आपण स्वतःसाठी मागतो ते स्वातंत्र्य शेजाऱ्यालाही लाभावे, अशी प्रार्थना करू या.