चरीच्या संपाचे नारायण नागू पाटील

आपल्या वर्गात कुळांची मुलं होती, तसा खोताचा नातूही होता. एका बाकावर बसून डबे खाल्ले, पण हे कसं घडलं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. म्हणून नारायण नागू पाटलांविषयी लिहितो.

खाडीकाठचे बांध कुळांनी राखायचे, भात कुळांनी पिकवायचं आणि मोठा वाटा खोताच्या घरी जायचा, ही आपल्या कुलाब्याची रीत. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरीला सभा झाली आणि पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसणं सोडलं. २५ गावं त्यात उतरली. १९३९ पर्यंत संप चालला. लाकडं तोडून विकायची, मिळेल ते खायचं. माझी आजी त्या दिवसांबद्दल बोलायची नाही. पानात भाताचं शीत मात्र टाकू द्यायची नाही. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७ साली पाटलांनी ‘कृषीवल’ काढला. १९३९च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं. पुढे शेकाप इथे रुजला तो याच मातीत.

खोताच्या नातवाचा परवा फोन आला होता. मेळाव्याला येतोय, आजोबांची बाजूही सांगायची आहे म्हणे.