मातीची कुंडली मांडणारा दोकुचायेव

बेळगावहून अथणीकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीत बसले, की जमिनीचा रंग डोळ्यांदेखत बदलत जातो. शहराजवळची तांबडी माती मागे पडते आणि पुढे काळीभोर शेते पसरू लागतात. आमच्या घरी तिला काळी म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांत एरी; आणि तांबडीला मसारी. रंग दोन, भाषाही दोन; पण जमिनीला विचारायचा पहिला प्रश्न दोन्ही भाषांत एकच, ही किती पिकवील? दुसरा प्रश्न सरकारचा, हिच्यावर सारा किती बसवावा?

आपल्या भागात ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी अमदानीत शोधले गेले. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्यांनी १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची पद्धत पक्की केली. मातीचा प्रकार आणि खोली पाहून जमिनीची प्रतवारी करायची आणि उत्तम जमीन सोळा आणे धरून बाकीच्यांची किंमत खाली उतरवत न्यायची, अशी ती पद्धत होती. आमचे आजोबा जमिनीविषयी बोलताना अजूनही सोळा आणे, बारा आणे असेच बोलतात. पण ही माती मुळात अशी का झाली, हा तिसरा प्रश्न त्या मोजणीत विचारला गेला नाही. त्याची गरजही कोणाला भासली नाही. तो प्रश्न आयुष्यभर विचारीत राहणारा माणूस दूर रशियात होऊन गेला. त्याचे नाव वासिली वासिल्येविच दोकुचायेव.

दोकुचायेव यांचा जन्म १ मार्च १८४६ रोजी स्मोलेन्स्क प्रांतातील मिल्युकोवो ह्या खेड्यात झाला. वडील गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. मुलानेही तोच मार्ग धरावा, ही त्या काळची रीत. त्याप्रमाणे मुलगा धर्मशिक्षणाच्या शाळेत गेला आणि १८६७ मध्ये राजधानी सेंट पीटर्सबर्गच्या धर्मविद्यापीठातही दाखल झाला. परंतु तेथे त्याचे मन रमले नाही. थोड्याच दिवसांत त्याने ती वाट सोडली आणि पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला. पदवीच्या निबंधासाठी त्याने विषय निवडला तो आपल्याच गावाजवळच्या काचना नदीने आणून टाकलेल्या गाळाचा. लहानपणी जिच्या काठी खेळला, तिच्याकडे तो आता अभ्यासकाच्या नजरेने पाहू लागला. पुढे विद्यापीठातील खनिजांचा संग्रह सांभाळण्याची नोकरी मिळाली आणि १८७८ मध्ये रशियातील नदीखोऱ्यांच्या निर्मितीवर त्यांनी आपला मोठा प्रबंध पुरा केला. तोवर ते भूगर्भशास्त्रज्ञ होते. माती हा खडकावरचा पातळ थर, एवढेच त्या शास्त्यांचे मत असे.

याच सुमारास रशियावर अवर्षणाचे संकट येऊन गेले. १८७३ आणि १८७५ साली स्टेप प्रदेशात पिके बुडाली. स्टेप म्हणजे दक्षिणेकडचा अफाट गवताळ मुलूख, तेथली काळी माती म्हणजे चर्नोझम. साऱ्या देशाचे धान्य ह्या मातीवर अवलंबून. आणि ती कशी तयार झाली याविषयी मात्र विद्वानांचे एकमत नव्हते. कोणी म्हणे, हा जुन्या समुद्राचा चिखल आहे. कोणी म्हणे, दलदलीतला कुजलेला गाळ आहे. कोणी म्हणे, गवत कुजून ती झाली. अखेर देशातल्या जुन्या इकॉनॉमिक सोसायटीने चर्नोझमची पाहणी करायचे ठरवून ते काम दोकुचायेव यांच्यावर सोपविले.

त्यांनी टेबलापाशी बसून वाद मिटविला नाही. १८७७ आणि १८७८ ह्या दोन वर्षांत त्यांनी दहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला. जागोजागी खड्डे खणून ते मातीचा उभा छेद पाहत. वरचा काळा थर किती जाड, त्याखालचा बदलता थर कसा, तळचा मूळ खडक कोणता, हे टिपून ठेवीत. ह्या थरांना त्यांनी ए, बी, सी अशी अक्षरे दिली. ती आज जगभर चालतात. पण केवळ खड्ड्यात पाहून ते थांबले नाहीत. त्या ठिकाणी पाऊस किती, थंडी-ऊन कसे, जमीन उंचावर की सखल, वर गवत की जंगल, हेही ते पाहत. मातीतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण, म्हणजे ह्यूमस, प्रयोगशाळेत काढून त्यांनी ते नकाशावर मांडले. तेव्हा दिसून आले, की सारख्या ह्यूमसचे पट्टे बनतात, मधल्या पट्ट्यात ते सर्वांत जास्त, १३ ते १६ टक्क्यांपर्यंत, आणि तेथून उत्तरेला व दक्षिणेला कमी होत जाते. उत्तरेला ओल जास्त आणि जंगल. दक्षिणेला पाणी कमी आणि गवत विरळ. मधल्या पट्ट्यात गवत भरपूर वाढते आणि ते पुरते कुजून वाहूनही जात नाही. समुद्राच्या चिखलाने ही मांडणी उलगडत नव्हती. हवामान आणि गवत यांनीच ती उलगडत होती.

१८८३ मध्ये त्यांचा ‘रशियन चर्नोझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. परीक्षकांत मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंडेलेयेव होते. माती हा खडकाचा चुरा नसून झाडे व प्राणी यांच्यासारखाच निसर्गाचा एक स्वतंत्र घटक आहे, हे ह्या ग्रंथाचे सार. मूळ खडक, हवामान, सजीव सृष्टी, जमिनीचा चढउतार आणि काळ, ह्या पाच गोष्टी मिळून माती जन्माला घालतात. पाचांपैकी एक बदलली तरी माती बदलते. आपल्याकडे जन्मकुंडली मांडताना स्थळ आणि काळ विचारतात ना, तसेच हे! फरक इतकाच, की ही कुंडली खणून पडताळून पाहता येते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांचे यानंतरचे काम अधिक जवळचे वाटेल. निझ्नी नोव्हगोरोद प्रांताच्या स्थानिक मंडळाला जमिनीवरचा कर न्यायाने बसवायचा होता. विक्रीची किंमत आणि खंड यांवरून अंदाज केला, तर ज्याचे वजन त्याची जमीन हलकी ठरणार, हे उघडच होते. १८८२ मध्ये हे काम दोकुचायेव यांच्याकडे आले. आधी मातीचा स्वतंत्र अभ्यास, मग पीक आणि पैसा यांचा हिशेब, असा क्रम त्यांनी आग्रहाने लावला. तरुण सहकाऱ्यांची फळी घेऊन त्यांनी सारा प्रांत पालथा घातला. उत्तम काळ्या मातीला शंभर गुण धरून बाकीच्या मातींना त्या मानाने गुण दिले. आपल्या सोळा आण्यांसारखीच ही रीत. पण तिच्यामागे मातीच्या जन्माची हकीकत होती. चौदा खंडांत तो अहवाल छापला गेला. नंतर आज युक्रेनमध्ये असलेल्या पोल्टावा प्रांताचीही अशीच पाहणी झाली. तिचे सोळा खंड निघाले. सिबिर्त्सेव, व्हेर्नाद्स्की यांसारखे पुढे नावारूपाला आलेले शास्त्रज्ञ ह्या पाहण्यांतूनच तयार झाले.

तेवढ्यात १८९१ चा दुष्काळ आला. अन्नाविना आणि रोगराईने लाखो माणसे दगावली. आणि तीही जगातल्या उत्तमांत उत्तम मातीवर राहणारी! दोकुचायेव यांनी पुढच्याच वर्षी स्टेप प्रदेशाच्या पूर्वस्थितीवर आणि आजच्या अवस्थेवर पुस्तक लिहिले व त्याचे उत्पन्न दुष्काळग्रस्तांना दिले. पाऊस कमी पडला एवढेच दुष्काळाचे कारण नाही, असे त्यांनी दाखविले. जंगले तोडली, गवताळ राने नांगरून काढली, त्यामुळे पाणी मुरेनासे झाले, घळी पडल्या आणि माती वाहून गेली. दोष आभाळाचा थोडा आणि माणसाचा फार होता. घळी बांधून काढाव्या, तळी करावी, शेतांच्या कडेने झाडांचे पट्टे लावावे आणि शेत, कुरण व जंगल यांचे प्रमाण त्या त्या जागेप्रमाणे ठरवावे, हा त्यांचा उपाय. व्होरोनेझ प्रांतातील कामेन्नाया स्टेप येथे त्यांनी तो करूनही दाखविला. काही वर्षांतच सरकारने हात आखडता घेतला. पण तेथील झाडांचे पट्टे टिकून राहिले.

यानंतरची वर्षे दुःखाची गेली. नोव्हो-अलेक्झांड्रिया येथील शेतकी संस्थेचे ते १८९२ ते १८९५ संचालक होते. मृदाशास्त्राचे पहिले अध्यासन तेथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि त्यावर त्यांचे शिष्य सिबिर्त्सेव आले. परंतु मातीच्या अभ्यासासाठी राजधानीत स्वतंत्र संस्था व्हावी म्हणून त्यांनी केलेली खटपट त्यांच्या हयातीत फळाला आली नाही. त्यांची प्रकृती ढासळत चालली. १८९७ मध्ये पत्नी आन्ना कॅन्सरने गेल्या. त्या धक्क्यातूनही उठून ते कॉकेशसच्या डोंगरांत हिंडले आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना मातीचे जसे पट्टे लागतात, तसेच डोंगर चढतानाही लागतात, हा सिद्धांत त्यांनी १८९९ मध्ये मांडला. पण १९०० मध्ये सिबिर्त्सेव अवघ्या चाळिशीत वारले आणि त्यानंतर दोकुचायेव यांचे मनच आजारी झाले. ८ नोव्हेंबर १९०३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. चर्चच्या धर्मगुरूचा हा मुलगा पत्नीशेजारी लुथेरन दफनभूमीत विसावला आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहातून मातीचे संग्रहालय उघडले, आणि हवी होती ती संस्था १९२७ मध्ये त्यांच्याच नावाने निघाली.

मित्रहो, आता पुन्हा आपल्या बसमध्ये बसू. आंबोली-चंदगडपासून अथणीपर्यंत तळाशी बहुतेक एकच काळा खडक, बेसाल्ट. पश्चिमेला धो धो पावसाने त्यातली द्रव्ये धुऊन नेली, लोह मागे राहिले, माती तांबडी झाली. पूर्वेला पाऊस बेताचा, म्हणून तोच खडक झिजून फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती झाली. आपली काळी आणि रशियाची काळी दिसायला बहिणी. पण एकीचा रंग ह्यूमसचा, तर दुसरीत ह्यूमस साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. नुसत्या रंगावर जाऊ नये, हे दोकुचायेव यांनीच शिकविले.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण रिकार्डोचा सिद्धांत शिकतो : जमिनीच्या मूळच्या आणि अविनाशी शक्तीबद्दल दिलेला मोबदला म्हणजे खंड. हिशेबाच्या वहीत यंत्रावर घसारा धरतो, जमिनीवर धरीत नाही. परीक्षेत मीही तसेच लिहिले आणि मार्क मिळविले. पण ही शक्ती मूळची नाही, ती हजारो वर्षांत घडते. आणि अविनाशी तर मुळीच नाही, ती एका पिढीत वाहून जाऊ शकते. यंदा आजोबांनी बांधाची माती पावसात गेली म्हणून हळहळ केली, तेव्हा मी वहीतला घसाऱ्याचा धडा आठवून गप्प बसलो. तो तोटा मांडायला आमच्या वहीत रकानाच नव्हता.