रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचे घर

रेव्ह. टिळकांचे एखादे तरी गीत पाठ नाही असे ख्रिस्ती कुटुंब आपल्या सातारा-सांगलीकडील मंडळ्यांत विरळाच असेल. परंतु ती गीते ज्या घरात जन्मली त्या घराची कथा पुष्कळांस ठाऊक नसते. मुलाबाळांसह घरी शास्त्र कसे वाचावे, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस ती कथा आठवते. म्हणून येथे थोडक्यात सांगतो.

नारायणरावांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कवितेची गोडी त्यांस आईपासून लागली. पण ती माउली लवकरच अंतरली. पुढे १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन त्या ग्रंथात गुंतले ते कायमचेच. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या दिवशी एक आत्मा प्रभूस मिळाला, पण एक घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पतीचा वियोग, लोकांची बोलणी आणि मनाची तळमळ हे सारे त्या बाईने कित्येक वर्षे सोसले. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, तरी आपली चूल व पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. टिळक स्वभावाने तापट होते. परंतु धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. एके दिवशी विचार करता करता लक्ष्मीबाईंस स्वतःसच उमगले की, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे. मग सोवळे गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. आपण गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगतो. पण घरी आल्यावर पोरांस दरडावून अध्याय पाठ करावयास लावतो की काय? छडीच्या भीतीने शिकलेले वचन छडीबरोबरच विसरले जाते. टिळकांच्या घरात धीर धरला गेला, म्हणून तेथे विश्वास मुळापासून रुजला.

आमच्या भगिनींसही ह्या कथेत धडा आहे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांस वाचावयास टिळकांनीच शिकविले. त्याच पुढे कविता करू लागल्या, कीर्तनास उभ्या राहिल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ लिहून मराठी वाङ्मयात अमर झाल्या. तेव्हा मला अक्षर येत नाही, मी मुलांस काय शिकविणार, असे कोणत्याही आईने म्हणू नये.

टिळकांनी आणखी एक गोष्ट जाणली होती. आपल्या लोकांच्या कानांस ओवी व अभंग ह्यांची सवय. विठोबाची वारी आणि जात्यावरचे गाणे ह्यांतच ते वाढले. म्हणून ख्रिस्ताची थोरवी त्यांनी त्याच चालींत गाइली व प्रभूस माउली मानिले. जे मूल अजून वाचू शकत नाही, तेही आईच्या मांडीवर बसून गाणे शिकते.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळक साताऱ्यास येऊन राहिले. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांस एकत्र आणावे, ह्या हेतूने त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पण आयुष्य थोडे उरले होते. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

मागे एक काम अपुरे राहिले होते. प्रभूचे चरित्र ओवीत गुंफण्यास त्यांनी १९०९ साली आरंभ केला होता. त्या ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्यायच त्यांच्या हातून झाले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. ज्या बाईने एकदा ह्याच प्रभूपायी पतीचा वियोग सोसला, तिनेच त्या प्रभूची कथा पुढे नेली! १९३६ साली त्याही निवर्तल्या. तेव्हा पुत्र देवदत्त, म्हणजे एके काळचा तो लहानगा दत्तू, ह्यांनी शेवटचा अध्याय जोडिला व १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. बापाने आरंभिले, आईने वाढविले, मुलाने पुरे केले.

तीमथ्यास शास्त्र मिळाले ते आजी लोईस व आई युनीके ह्यांच्याकडून, हे वाचकांस ठाऊक आहेच. आपल्या घरी ग्रंथ रचावयाचा नाही. पण संध्याकाळी भाकरी झाल्यावर दिवा मध्ये ठेवून सर्वांनी बसता येईल. शाळेत जाणाऱ्या मुलाने चार ओळी वाचाव्या, आईने ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, धाकट्याने प्रश्न विचारावा आणि बापास उत्तर येत नसेल तर त्याने तसे मोकळेपणी कबूल करावे. शेवटी सर्वांनी मिळून टिळकांचे एक गीत म्हणावे. आरंभ आजच करावा. तो कोण पुरा करील हे प्रभूकडे सोपवावे.