पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या होत्या. मुंबईतील शारदा सदन आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती सदन या संस्था त्यांनी स्थापन केल्या. बालपणी त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे सर्व आरंभीचे शिक्षण आईवडिलांकडून, मुख्यतः आईकडून, आणि बहुतांशी तीर्थयात्रेच्या वाटेवर झाले.

कौटुंबिक पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांचे घराणे कर्नाटकातील माळहेरंजी येथील. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. गुरूंबरोबर वाड्यावर जात असता एका स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून अनंतशास्त्री चकित झाले आणि आपल्या पत्नीस शिकवायचे, असे त्यांनी ठरविले. घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. तिच्या मृत्यूनंतर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू लक्ष्मीबाई तेव्हा अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. बालविवाहाची रूढी पाळून स्त्रीशिक्षणाची रूढी मोडणारा हा गृहस्थ आजच्या वाचकास विसंगत वाटेल. पण त्याच विवाहातून रमाबाईंच्या शिक्षिका घडल्या.

लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्र्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे खुलासा करावा लागला. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राचा निषेध नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले. तरीही गावचा विरोध ओसरला नाही, तेव्हा सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात त्यांनी बिऱ्हाड हलविले. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. सहा अपत्यांपैकी कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमाबाई ही तीनच मोठी झाली.

घरातील शिक्षण

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून तो माणसाच्या डोक्यावर देण्यात आला होता. यापुढे या कुटुंबास कायमचे घर असे लाभले नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी वाहिलेल्या धान्य-दक्षिणेवर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि ते मुलीच्या पंधराव्या वर्षापर्यंत चालविले. स्वयंपाकपाणी आणि आल्यागेल्याचे आदरातिथ्य त्यांनाच पाहावे लागे, म्हणून धड्यासाठी पहाटेची वेळ राखलेली असे. शिक्षण मौखिक होते. आई म्हणे, मुलगी मागून म्हणे, आणि पाठ झाल्यावर अर्थ व व्याकरण समजावले जाई. कोश, व्याकरण, काव्य आणि पुराणे असा तो अभ्यास होता. भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत झाले. लक्ष्मीबाईंचे खरे यश मात्र पाठांतरापलीकडचे होते. पुढे फारशा मदतीवाचून स्वतःचे शिक्षण स्वतः चालविता येईल, अशी बुद्धीची घडण त्यांनी करून दिली, असे रमाबाई मानीत. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीस अर्पण केले.

मराठी त्यांना कोणी पद्धतशीर शिकविली नाही. ती आईवडिलांच्या बोलण्यातून आली. कन्नड, हिंदी आणि बंगाली या भाषा प्रवासात कानांवर पडून अवगत झाल्या. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखद ठरल्याने अनंतशास्त्र्यांनी रमाबाईंचे लग्न लवकर केले नाही, आणि म्हणूनच अभ्यासाला ही वर्षे मिळाली.

या शिक्षणाला मर्यादाही होत्या. मुलांनी बाहेरच्यांत फारसे मिसळू नये, असा वडिलांचा कटाक्ष असे. इंग्रजी किंवा अर्थार्जनाची कोणतीही विद्या त्यात नव्हती. स्त्रीला संस्कृत शिकविण्यासाठी बहिष्कार पत्करणाऱ्या अनंतशास्त्र्यांनीही वेद मात्र मुलीला शिकविले नाहीत, कारण स्त्रियांना वेदाधिकार नाही, हे त्यांना मान्य होते.

दुष्काळ आणि भ्रमंती

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकणारे आणि दक्षिणा देणारे उरले नाहीत. दागिने व भांडी विकून झाली. मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागण्यास कुलाभिमान आड येई. काही दिवस कुटुंबाने रानातील पाला खाऊन काढले. प्रथम वडील, नंतर थोड्याच अवधीत आई आणि पुढे बहीण मृत्यू पावली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी न मिळाल्याने तो भार रमाबाईंनी उचलला. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. शास्त्रे मुखोद्गत असलेले हे कुटुंब अन्नावाचून संपले, ही गोष्ट रमाबाईंच्या पुढील संस्थांकडे पाहताना ध्यानात ठेवावी लागते.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. घरी जे शिकविले गेले नव्हते, त्याचे वाचन तेव्हापासून सुरू झाले.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले.

शैक्षणिक कार्य

१८८२ मध्ये पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीतून साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. जिच्या बालपणी खेळ आणि सवंगडी यांना फारशी जागा नव्हती, तिला खेळातून शिकविणाऱ्या पद्धतीचे आकर्षण वाटावे, हे लक्षणीय आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. काही मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा दिसू लागल्यावर १८९३ मध्ये मोठा वाद उसळला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी केडगावची वसाहत वाढली. येथे वाचन-लेखनाबरोबर शेती, विणकाम आणि छपाईही शिकविली जाई. ज्या मुलीला पुराण सांगण्यापलीकडे पोट भरण्याचे साधन शिकविले गेले नव्हते, तिच्या संस्थेत हस्तव्यवसाय हा अभ्यासाचा भाग होता.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेच्या कामात त्यांचा उजवा हात असलेल्या मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या भाषांतराचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.