'अलबेला'च्या गाण्यांतला गोव्याचा ट्रम्पेटवाला

वरातीत भगवानदादांची स्टेप कुणी केली नाही, असं गाव सापडणं अवघड. ती स्टेप गाजली 1951 च्या 'अलबेला' सिनेमात. गाण्यांना संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. एवढं जुन्या माणसांना ठाऊक असतं. पण त्याच सिनेमात ट्रम्पेट घेऊन वाजवणारा तो माणूस कोण, हे फारसं कुणी विचारत नाही.

त्यांचं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं हळदोणे. पोर्तुगीज राजवटीत तिथं चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरांबरोबर सूर लिहायला-वाचायलाही शिकवत. याच विद्येवर गोव्याच्या कितीतरी पोरांनी मुंबईत पोट भरलं.

वाझ यांनी ट्रम्पेट धरला. आपल्या बँडवाल्यांकडे तीन बटणं दाबत फुंकायचं पितळी वाद्य असतं ना, तेच ते. अमेरिकेतला कृष्णवर्णीय वादक लुई आर्मस्ट्राँग म्हणजे त्यांचा देव. वाजवायचं त्याच्यासारखं, खरखरीत आवाजात गायचंही त्याच्यासारखंच. लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चिक चॉकलेट हे नाव मग असं चिकटलं की खरं नाव मागंच पडलं.

1940 नंतरच्या काळात मुंबईच्या ताज हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. जाझवर साहेबलोक आणि पैसेवाले नाचायचे. साध्या माणसाला तिथं कोण आत घेणार? पण हेच चिक सी. रामचंद्र आणि मदन मोहन यांच्याकडे सहायक म्हणून काम करू लागले, अन् हॉटेलातला ठेका सिनेमात आला. संगीतकार चाल द्यायचे. कुठल्या वाद्यानं कधी काय वाजवायचं, ते कागदावर उतरवायचं काम अशा गोवेकर वादकांचं. रामचंद्रांचं मोठेपण यानं कमी होत नाही, पण नाचायला लावणाऱ्या त्या आवाजात चिक यांचा वाटा मोठाच होता.

स्वतंत्र संगीतकार म्हणूनही त्यांनी काम केलं. देव आनंद-मधुबालाचा 'नादान' 1951 मध्येच आला. पण त्या बाजूला त्यांचा म्हणावा तसा जम बसला नाही.

1966 ला राजेश खन्नांचा पहिला सिनेमा 'आखरी खत' आला. त्यात भूपिंदर गातात आणि शेजारी चिक ट्रम्पेट वाजवताना दिसतात. मोबाईलवर ते गाणं आजही सापडतं. पुढच्याच वर्षी, मे 1967 मध्ये ते वारले. पन्नाशी नुकतीच गाठली होती.