हॅरी फ्रेझी

हॅरी हर्बर्ट फ्रेझी (जन्म : २९ जून, १८८०, पिओरिया, इलिनॉय – मृत्यू : ४ जून, १९२९, न्यू यॉर्क) हे अमेरिकन नाट्यनिर्माते आणि १९१६ ते १९२३ या काळात बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक होते. बेब रूथ या खेळाडूची न्यू यॉर्क यांकीज या संघाला केलेली विक्री ही त्यांची सर्वाधिक परिचित कृती होय. मालकावरील विश्वास उडाल्यास प्रेक्षक संघापासून कसे दुरावतात, याचे उदाहरण म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा उल्लेख होतो.

नाट्यव्यवसाय

फ्रेझी यांनी लहान वयातच नाट्यगृहात काम करण्यास सुरुवात केली आणि पुढे ते निर्माते झाले. न्यू यॉर्कमधील लाँगएकर थिएटर त्यांनी बांधले. ते १९१३ मध्ये सुरू झाले. नाटकाच्या धंद्यात भांडवल सतत फिरते ठेवावे लागते, एका प्रयोगातील नफा दुसऱ्यात घालावा लागतो. हीच व्यवहारपद्धती त्यांनी पुढे बेसबॉलमध्ये आणली.

संघाची मालकी

नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांनी जोसेफ लॅनिन यांच्याकडून रेड सॉक्स विकत घेतला. संघाने १९१५ आणि १९१६ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकली होती. खरेदीची सर्व रक्कम रोख दिलेली नसल्याने लॅनिन यांचे देणे शिल्लक राहिले. आरंभी फ्रेझी यांनी संघावर खर्चही केला. पहिल्या महायुद्धामुळे खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडून स्टफी मॅकिनिस, जो बुश, वॉली शँग असे कसलेले खेळाडू त्यांनी मिळवले. १९१८ मध्ये संघ शिकागो कब्जला हरवून पुन्हा विजेता ठरला.

याच सुमारास अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. लीगच्या आठ मालकांपैकी पाच जण जॉन्सन यांच्या बाजूचे होते. फ्रेझी यांच्या बाजूला केवळ न्यू यॉर्क यांकीज आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांचे मालक उरले. त्यामुळे खेळाडूंच्या मोठ्या देवघेवींसाठी त्यांना प्रामुख्याने हीच दोन दारे उघडी होती.

रूथची विक्री

१९१९ मध्ये रूथने २९ होमरन मारून नवा विक्रम केला. संघ मात्र घसरला. वार्षिक १० हजार डॉलरचा तीन वर्षांचा करार असताना रूथने दुप्पट वेतनाची मागणी केली. डिसेंबर १९१९ मध्ये फ्रेझी यांनी त्याला १ लाख डॉलरला यांकीजला विकले. फेनवे पार्क या मैदानाच्या तारणावर ३ लाख डॉलरचे कर्ज देण्याचेही यांकीजचे मालक जेकब रूपर्ट यांनी मान्य केले. ५ जानेवारी, १९२० रोजी ही विक्री जाहीर झाली. स्वतःचे मैदान प्रतिस्पर्ध्याकडे गहाण टाकल्यासारखी ही स्थिती होती.

प्रेक्षकांची पाठ

रूथ गेल्याबरोबर मैदान ओस पडले, असे मात्र झाले नाही. १९१९ मध्ये सुमारे ४ लाख १७ हजार प्रेक्षक आले होते. १९२० मध्ये ते सुमारे ४ लाख २ हजार होते. खरी घट त्यानंतर झाली. १९२० च्या हंगामानंतर वेट हॉइट व वॉली शँग यांकीजकडे, तर बॉस्टनचा आवडता हॅरी हूपर व्हाइट सॉक्सकडे गेला. व्यवस्थापक एड बॅरो हेही यांकीजच्या सेवेत गेले. १९२० आणि १९२१ या दोन्ही वर्षी संघ पाचव्याच स्थानी राहिला. तरीही १९२१ मध्ये प्रेक्षकसंख्या सुमारे २ लाख ७९ हजारांवर उतरली. केवळ पराभव हे त्याचे कारण मानता येत नाही. आज ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या तो उद्या यांकीजच्या गणवेशात दिसणार, ही भावना रुजत गेली होती.

पुढे एव्हरेट स्कॉट, जो बुश, सॅम जोन्स आणि हर्ब पेनॉक हेही यांकीजकडे गेले. जुलै १९२२ मध्ये जो डुगन यांकीजला दिला गेला, तेव्हा इतर शहरांतूनही ओरड झाली आणि पुढील हंगामापासून अशा देवघेवींची मुदत १५ जूनवर आणण्यात आली. १९२२ मध्ये रेड सॉक्स तळाला गेला. १९२३ मध्ये यांकीजने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रमुख पिचर पूर्वी बॉस्टनचे होते.

उत्तरायुष्य

जुलै १९२३ मध्ये फ्रेझी यांनी संघ बॉब क्विन यांच्या गटाला विकला. मालक बदलला, पण पोकळ झालेला संघ लगेच सावरला नाही; १९२२ ते १९३० या नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत तो शेवटच्या स्थानी राहिला. १९२५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेने फ्रेझी यांना मोठे यश दिले. १९२९ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

रूथला विकून ‘नो, नो, नॅनेट’चा खर्च भागवला, ही समजूत कालक्रमाशी जुळत नाही; विक्री आणि संगीतिका यांत पाच वर्षांहून अधिक अंतर आहे. ती संगीतिका ज्या नाटकावर आधारित होती, ते ‘माय लेडी फ्रेंड्स’ मात्र फ्रेझी यांनी डिसेंबर १९१९ मध्ये रंगमंचावर आणले होते. लॅनिन यांचे देणे, लीगमधील गटबाजी आणि रूथचा बेशिस्तपणा यांमुळे ती एक विक्री समजण्याजोगी ठरते, असे काही अभ्यासक मानतात. त्यानंतर वर्षानुवर्षे एकाच प्रतिस्पर्ध्याला खेळाडू देत राहण्याचे समर्थन करणे अधिक कठीण आहे. रेड सॉक्सला पुढील विजेतेपदासाठी २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे थांबावे लागले. लोकमानसात त्याचे खापर रूथच्या ‘शापा’वर आणि पर्यायाने फ्रेझी यांच्यावर फुटत राहिले.